नील पिअर्ट १९८१ नंतर उतरला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'रश' या कॅनडाच्या बँडचा ड्रमर आणि गीतकार नील पिअर्ट १९८१ च्या 'मूव्हिंग पिक्चर्स' या अल्बमवर शिखराला पोचला आणि तिथून घसरत गेला, असं विचारणाऱ्याच्या मित्राचं ठाम मत आहे. विचारणाऱ्याला मात्र २०१२ चा शेवटचा अल्बमच सर्वांत जवळचा वाटतो. मग बँडचा गीतकार वयाबरोबर पिकतो की शिळा होतो?

मित्राचं निम्मं बरोबर आहे. पिअर्ट घसरला, पण १९८१ नंतर लगेच नाही, आणि घसरला तो घसरलाच असंही नाही. त्याची पडती वर्षं मधली आहेत, साधारण नव्वदच्या दशकातली. गंमत म्हणजे तेव्हा त्याचा हात सर्वांत सफाईदार झाला होता. यमक अडत नव्हतं, कडवी मोजून मापून येत होती, कुठलाही विषय दिला तरी गाणं पाडता येत होतं. गीतकाराला खरा धोका असतो तो इथे. नवशिक्याची गाणी कच्ची असतात, पण त्याला काहीतरी सांगायची घाई असते. मुरलेल्या माणसाला घाई नसली तरी गाणं लिहून होतं, आणि ते वाईटही नसतं. तेच तर अवघड.

मी बरीच वर्षं बँडसाठी गाणी लिहितो, अलीकडे शिकवतोही, पण गात नाही. त्यामुळे पिअर्ट मला अभ्यासाला सोयीचा पडतो, कारण तोही गात नव्हता. आपल्याकडे लिहिणारा एक, चाल लावणारा दुसरा आणि गाणारा तिसरा, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. रॉकमध्ये मात्र जो गातो त्यानंच लिहावं असा अलिखित दंडक आहे, आणि रशनं तो दुसऱ्या अल्बमपासून मोडला. आधीचा ड्रमर जॉन रटसी बँडमधून बाहेर पडला आणि २९ जुलै १९७४ ला पिअर्ट ड्रमवर आला. पंधरवड्यात तो पिट्सबर्गच्या मोठ्या सभागृहात, उरिया हीप या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमाआधी वाजवत होता. गायक गेडी ली आणि गिटारवादक ॲलेक्स लाइफसन या दोघांना शब्द लिहिण्यात फारसा रस नव्हता. नव्या गड्याच्या हातात सतत पुस्तक असायचं, म्हणून ते काम त्याच्या गळ्यात पडलं. गीतकार म्हणून त्याची निवड अशी झाली, हे लक्षात ठेवलं की पहिली पाच वर्षं नीट कळतात.

त्या पाच वर्षांत तो वाचलेलं लिहीत होता. टॉल्किन वाचला, की 'फ्लाय बाय नाइट' या अल्बमवर त्याच्या कादंबरीतलं रिव्हेंडेल आलं. कवी कोलरिज वाचला, की १९७७ साली 'झॅनडू' आलं. व्यक्तिवादाची कट्टर पुरस्कर्ती कादंबरीकार आयन रँड वाचली, आणि १९७६ चा '२११२' अल्बम चक्क तिच्या प्रतिभेला अर्पण झाला. या अल्बमची पार्श्वभूमीही सांगायला हवी. आधीचा 'कॅरेस ऑफ स्टील' साफ आपटला होता. कंपनीला रेडिओवर चालतील अशी छोटी गाणी हवी होती. बँडनं उलट रेकॉर्डची अख्खी एक बाजू, वीस मिनिटं, एकाच कथेला दिली. कथा अशी: भविष्यातलं सौर संघराज्य, सगळ्या कलांवर पुजाऱ्यांचा ताबा. एका तरुणाला धबधब्यामागच्या गुहेत जुनं गिटार सापडतं. तो ते हरखून पुजाऱ्यांपुढे नेतो, पुजारी ते मोडून टाकतात आणि तरुण खचून स्वतःला संपवतो.

अल्बम चालला आणि बँड वाचला. ऐकताना आजही अंगावर काटा येतो, कारण तिघांच्या वाजवण्यात पेटलेपण आहे. पण शब्द कागदावर वाचा. तरुणाला नाव नाही, गाव नाही, सवय नाही. तो एक बाजू मांडतो, पुजारी दुसरी मांडतात. वादविवाद स्पर्धेत प्रस्तावाच्या बाजूनं बोलणारा असतो तसा आहे तो. तेविशीतल्या हुशार मुलाचं हे लेखन आहे. बोलणाऱ्याची कळकळ खरी, बाकी सगळं उसनं. यावरून १९७८ मध्ये ब्रिटिश संगीतपत्रात बँडवर फॅसिस्ट असल्याची टीकाही झाली. गेडी लीचे आईवडील नाझींच्या ऑशविट्झ छावणीतून वाचलेले, त्यामुळे ती किती झोंबली असेल हे सांगायला नको.

आता याच्या शेजारी 'मूव्हिंग पिक्चर्स'मधलं 'रेड बार्चेटा' ठेवा. मी शिकवताना ही जोडी नेहमी घेतो, कारण कथानक जवळपास तेच आहे. मधे पाच वर्षं गेली आहेत. पुन्हा भविष्यकाळ, पुन्हा एक बंदी घालणारा कायदा, पुन्हा एका तरुणाच्या हाती लागलेली जुनी वस्तू. इथे ती वस्तू म्हणजे लाल स्पोर्ट्स कार. रिचर्ड फॉस्टर यांची एक लघुकथा १९७३ साली मोटारींच्या मासिकात आली होती, तिच्यावरून गाणं सुचलं. म्हणजे हेही वाचलेलंच. पण बघा काय बदललंय. तरुण रविवारी निघतो, आडवाटेला काकाच्या शेतावर पोचतो. काकानं गाडी कोठारात झाकून ठेवली आहे. आच्छादन ओढलं जातं, लाल रंग चमकतो, इंजिन सुरू होतं. मग वारा, गिअर, तापलेला धातू, तेल आणि चामड्याचा वास, वळणाचा रस्ता. कायद्याच्या दोन अजस्र गाड्या पाठलागाला लागतात, तो त्यांना एकेरी पुलापाशी अडकवून सटकतो आणि परत येऊन काकाबरोबर शेकोटीपाशी बसतो.

या सहा मिनिटांत कुणी कुणाशी वाद घालत नाही. स्वातंत्र्य चांगलं असतं असं कुणी म्हणत नाही. मुलगा गाडी चालवतो, बस. आणि ऐकणाऱ्याला त्या कायद्याचा राग येतो. वीस मिनिटांत तरुणाच्या तोंडी घालून जे साधलं नव्हतं, ते एका वासानं साधतं. पिअर्टच्या लेखनातला पहिला मोठा बदल हा होता.

हा बदल आधीपासून पायरी-पायरीनं होत आला होता. 'हेमिस्फिअर्स'वर ओक आणि मेपलच्या भांडणाची छोटी नीतिकथा आहे, शेवटी कुऱ्हाड दोघांनाही सारखं करते. १९८० च्या 'पर्मनंट वेव्ह्ज'वर टोरांटोच्या एका रेडिओ केंद्राच्या घोषवाक्यावरून सुचलेलं 'द स्पिरिट ऑफ रेडिओ' आहे. देवदेवता, आकाशगंगा वगैरे मंडळी निघून गेली आणि रोजचा रेडिओ आला. गाणी आखूड झाली म्हणून शब्द सुधारले, की शब्द सुधारले म्हणून गाणी आखूड करता आली? मला वाटतं पहिलं. वीस मिनिटं हाताशी असली की माणूस समजावून सांगत बसतो.

गेडी लीच्या आवाजाचाही यात वाटा आहे, आणि त्याकडे कुणी फारसं बघत नाही. सत्तरच्या दशकात तो टिपेला किंचाळत गायचा. त्या पट्टीत शब्द कळण्याची अपेक्षा कुणी ठेवत नाही, तिथे मंदिरं आणि पुजारी खपून जातात. ऐंशीपासून तो खालच्या पट्टीत, बोलल्यासारखा गाऊ लागला. आता प्रत्येक शब्द ऐकू येणार होता. ऐकू येणाऱ्या शब्दांसाठी माणूस वेगळं लिहितो.

याच काळात पिअर्टला एक चांगला जोडीदार मिळाला. 'मॅक्स वेब्स्टर' या बँडचा गीतकार पाय ड्यूबॉय यानं एक कविता आणून दिली. पिअर्टनं तिच्यात आपलं मिसळलं आणि 'टॉम सॉयर' झालं. ड्यूबॉयचं लेखन तुटक, उड्या मारणारं, अर्थाला चटकन न सापडणारं. पिअर्टचं उलट, हिशेबी. दोघांनी पुढे आणखी काही गाणी केली, आणि त्या प्रत्येकात एखादी तरी ओळ अशी आहे जी पिअर्टला एकट्याला सुचली नसती. स्वतःच्या सवयी मोडायला दुसऱ्या माणसाइतका स्वस्त उपाय नाही.

आता मित्राच्या मुद्द्याकडे. 'मूव्हिंग पिक्चर्स' हा अल्बम म्हणून बँडचं शिखर असेल, मी भांडणार नाही. पण शब्दांपुरतं बोलायचं तर मी पुढच्याच वर्षीचा 'सिग्नल्स' वर ठेवतो. 'सबडिव्हिजन्स'मध्ये शहराच्या कडेला भूमितीसारख्या आखलेल्या वसाहती आहेत. शाळेच्या गल्लीत जमणारी पोरं आहेत आणि त्यांच्यात न सामावणारा एक मुलगा आहे. पिअर्ट स्वतः सेंट कॅथरिन्ससारख्या गावात वाढला, मासिकं आणि ड्रम यांत रमणारा, खेळात मागे. '२११२'चा एकटा नायक आणि हा मुलगा एकच आहेत. फरक एवढाच की आता त्याला पत्ता मिळाला आहे. पुजाऱ्यांच्या जागी शाळेतल्या टोळ्या आल्या, आणि त्या पुजाऱ्यांपेक्षा जास्त भीतिदायक निघाल्या.

त्याच अल्बमवर 'लूझिंग इट' आहे. विषय तुमच्या प्रश्नाचाच: कला हातातून निसटणं. एक नर्तिका, जिचं शरीर आता ऐकत नाही. एक लेखक, जो कोऱ्या कागदाकडे बघत बसला आहे. त्याच्यामागे हेमिंग्वेची सावली आहे. पिअर्टनं हे तिशीच्या आत लिहिलं. त्याच्या स्वतःच्या हातून तेव्हा काहीच निसटत नव्हतं. म्हणजे 'भोगल्याशिवाय लिहिता येत नाही' हे आपलं लाडकं वाक्य इथे लागू होत नाही. पण तो ते दुरून, दोन माणसांकडे बघून लिहितो, स्वतःला मधे आणत नाही. म्हणून ते टिकलं. बँडनं ते मंचावर वाजवलं थेट २०१५ च्या शेवटच्या दौऱ्यात, तेही मोजक्या वेळा.

दोन वर्षांनी 'ग्रेस अंडर प्रेशर'वर 'रेड सेक्टर ए' आलं. गेडीच्या आईनं त्याला सांगितलेली एक गोष्ट त्याच्या मुळाशी आहे. बर्गेन-बेल्सनची छावणी मुक्त झाली तेव्हा तिला पहिल्यांदा विश्वासच बसेना, कारण आत असताना तिला वाटत होतं की बाहेरचं जगच संपलंय. जग शिल्लक असतं तर कुणीतरी आलं असतं. पिअर्टनं गाण्यात ना देशाचं नाव घेतलं, ना सालाचं, ना नाझींचं. कुंपणाआड एक कैदी आहे आणि आपणच शेवटची माणसं उरलो का, हा त्याचा प्रश्न आहे. बाकी काही समजावलेलं नाही. आयन रँडचा हात धरून लिहिणारा हाच माणूस, आणि मधे फक्त आठ वर्षं गेली आहेत.

डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं की गाणं होतंच, असंही मी म्हणणार नाही. 'सिग्नल्स'चं शेवटचं गाणं 'काउंटडाउन' आहे. तिघं जण १९८१ साली फ्लोरिडात कोलंबिया यानाचं पहिलं उड्डाण बघायला गेले होते, त्याचं हे वर्णन. माहिती बिनचूक, उत्साह खरा, पण गाणं वार्ताहराच्या टिपणासारखं राहतं. बघणारा कोण आणि त्याला त्यात स्वतःचं काय दिसलं, हे गाण्यात येतच नाही.

१९८५ पासून पद्धत बदलली. पिअर्ट अल्बमला एक सूत्र धरून लिहू लागला. 'पॉवर विंडोज'ला सत्तेचं, 'रोल द बोन्स'ला नशिबाचं, 'काउंटरपार्ट्स'ला जोड्यांचं आणि द्वंद्वांचं. सूत्र धरलं की अभ्यास होतो, टाचणं जमतात, आणि दहा-अकरा गाणी वेळेवर पुरी होतात. तोटा असा, की गाणं लिहिण्याआधीच त्याचा निष्कर्ष ठरलेला असतो. या काळातली गाणी घेऊन बसा आणि भाववाचक नामांखाली पेन्सिलीनं रेघ मारा. कागद रेघांनी भरतो. नशीब, निवड, श्रद्धा, सत्य, स्वप्न, भीती. माणसं कमी, खुर्च्या-टेबलं त्याहून कमी. शब्दांच्या कोट्या वाढतात, परस्परविरोधी जोड्या वाढतात. कागदावर हे फार चतुर दिसतं.

तरी सरसकट झाडू फिरवू नका. १९८९ चं 'द पास' किशोरवयीन मुलांच्या आत्महत्येवर आहे. त्या विषयावर लिहिताना मरणाला हौतात्म्याची झळाळी द्यायचा मोह सगळ्यांना होतो. पिअर्टनं तो ठामपणे टाळला, आणि मुलाला दूषणही दिलं नाही. १९९३ चं 'नोबडीज हीरो' दोन मृत्यूंवर आहे. एक लंडनच्या दिवसांतला समलिंगी मित्र, जो एड्सनं गेला. दुसरी गावाकडच्या ओळखीच्या घरातली मुलगी, जिचा खून झाला. पहिलं कडवं आजही थेट भिडतं, कारण तिथे एक विशिष्ट माणूस आहे. ध्रुवपदात मात्र पिअर्ट 'हीरो म्हणजे काय' यावर व्याख्यान सुरू करतो आणि पकड सुटते. त्या एका गाण्यात त्याची दोन्ही रूपं शेजारी शेजारी ऐकू येतात.

तळ गाठला तो १९९६ च्या 'टेस्ट फॉर एको'वर. 'डॉग इयर्स'मध्ये कुत्र्यांवरच्या कोट्यांची माळ आहे. कट्टर चाहतेही हे गाणं निघालं की विषय बदलतात. 'व्हर्च्युॲलिटी'त इंटरनेटवरच्या मुलामुलींना हाका मारल्या आहेत. ते त्या वर्षीच जुनं वाटलं असेल. पण एक गोष्ट बघा. त्याच साली पिअर्टचं पश्चिम आफ्रिकेतल्या सायकल प्रवासावरचं पुस्तक आलं. गद्यात तो तपशिलानं ओसंडतो: रस्ता, जेवण, आजारपण, सोबत्यांचे स्वभाव, स्वतःचा तिरसटपणा. माझा तर्क असा आहे की बारीक निरीक्षण आता वहीतून थेट पुस्तकात जात होतं आणि गाण्याच्या वाट्याला उरत होता तो फक्त तात्पर्याचा भाग. दोन दुकानं चालवणाऱ्या माणसाचं असं होतं. ताजा माल एकाच दुकानात जातो.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरून दिसत नाही. लेखनाच्या दिवसांत बँड शहराबाहेर एखादं घर घेऊन राहत असे. एका टोकाला पिअर्ट कागद घेऊन बसे, दुसऱ्या टोकाला ली आणि लाइफसन चाली बांधत. कागद इकडून तिकडे जात. पिअर्ट ड्रमर असला तरी त्याची कडवी कागदावर सरळ, चार-चार ओळींची, यमकाची असत. त्यांना सात मात्रांत किंवा तेरा मात्रांत मोडायचं काम दुसऱ्या खोलीत होई. लीला ओळ तोंडात बसली नाही की ती परत येई. पुढे पुढे तर पानभर मजकुरातून ली चार-पाच ओळीच उचले आणि पिअर्ट त्या ओळींभोवती नवं गाणं लिहून देई. लीनं हे मुलाखतींतून मोकळेपणानं सांगितलं आहे, आणि पिअर्ट यात अडून बसत नसे हेही.

याची किंमत ज्यानं गायकासमोर बसून शब्द लिहिलेत त्यालाच कळते. मागे पुण्यात एका नव्या बँडच्या तालमीला बसलो होतो. गीतकार पोरगा चांगला, वाचणारा. ध्रुवपदाच्या शेवटी, सर्वांत वरच्या लांब सुरावर त्यानं 'अस्तित्व' हा शब्द ठेवला होता. गायिकेनं तीनदा प्रयत्न केला. मग म्हणाली, "दादा, हा उघडतच नाही. 'स्ति'वर तोंड मिटतं आणि 'त्व'वर श्वासच जातो." पोरगा म्हणाला, "पण अर्थ तिथेच आहे." ती म्हणाली, "अर्थ असेल, पण मला तिथे 'आ' पाहिजे." अर्धा तास धुसफुस झाली. शेवटी त्यानं तो शब्द काढून 'अजून आहे मी इथे' अशी ओळ दिली, आणि लांब सूर 'आहे'च्या 'आ'वर गेला. गाणं एकदम त्या मुलीचं झालं. भाववाचक नाम गेलं आणि एक माणूस आला, तेही गळ्याच्या अडचणीमुळे. पिअर्टच्या बाबतीत ली हे काम चाळीस वर्षं करत होता. जिथे त्यानं ते जास्त केलं तिथे शब्द सुधारलेले दिसतात.

उलट उदाहरण हवं असेल तर पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स घ्या. १९७३ च्या 'डार्क साइड ऑफ द मून'चे सगळे शब्द त्याचे आहेत, साधे आणि कुणालाही आपले वाटणारे. दहा वर्षांनी 'द फायनल कट'पर्यंत त्याला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. लेखणी धारदार झाली होती, राग खरा होता, वडील युद्धात गेल्याचं दुःख तर होतंच. पण शब्द इतके वाढले की संगीताला उभं राहायला जागा नाही. वॉटर्सची लेखणी मंदावली असं मी म्हणणार नाही. ओळ परत पाठवणारा माणूस गेला, एवढंच झालं.

आता पिअर्टच्या आयुष्यातल्या त्या दोन वर्षांबद्दल. ऑगस्ट १९९७ मध्ये त्याची एकुलती एक मुलगी मोटार अपघातात गेली, दहा महिन्यांनी पत्नी कर्करोगानं. त्यानं ड्रम वाजवणं सोडलं, मोटारसायकल काढली आणि उत्तर अमेरिका पालथी घातली. ८८,००० किलोमीटरच्या घरात. बँड संपला असंच सगळ्यांना वाटलं. २००२ मध्ये 'व्हेपर ट्रेल्स' आला. या अल्बमबद्दल बोलताना लोकांचा आवाज आपोआप हळवा होतो आणि शब्दही थोर असल्याचं ठरून जातं. मी तसं म्हणणार नाही. दुःख मोठं असलं की गाणं मोठं होतं, हा हिशेब कधीच जुळत नाही. तिथे काही गाण्यांत पिअर्ट भविष्य सांगायच्या टॅरोच्या पत्त्यांमागे, उसन्या शीर्षकांमागे लपतो. इतक्या जवळचं सरळ सांगणं त्याला झेपत नसावं, आणि त्यात नवल नाही. पण 'घोस्ट रायडर' उभं राहतं. त्यात रस्ता आहे, चाक आहे, मागे सुटणारा प्रदेश आहे. शोकाचं नाव न घेता पळत सुटलेला माणूस आहे. पुन्हा 'रेड बार्चेटा'चीच युक्ती: गाडी चालव, व्याख्यान देऊ नको.

खरी भरपाई २००७ च्या 'स्नेक्स अँड ॲरोज'मध्ये दिसते. दौऱ्यात तो कार्यक्रमांमधलं अंतर मोटारसायकलनं काटत असे. अमेरिकेतल्या छोट्या गावांत चर्चबाहेर लावलेल्या उपदेशाच्या पाट्या वाचत जाई. श्रद्धेवरची या अल्बममधली गाणी त्या रस्त्यांवरून आलेली आहेत. विषय भाववाचकच आहे, पण या वेळी खाली डांबर आहे.

त्याच अल्बमवर 'द लार्जर बोल' आहे आणि ते पँटूम या मलाय वळणाच्या बांधणीत आहे. नियम असा: एका कडव्याची दुसरी आणि चौथी ओळ पुढच्या कडव्यात पहिली आणि तिसरी होऊन येते. म्हणजे प्रत्येक ओळ दोनदा भेटते, दुसऱ्यांदा नव्या शेजाऱ्यांसोबत. विषय आहे काहींच्या वाट्याला भरलेलं ताट आणि काहींच्या वाट्याला रिकामं, असं का. उत्तर नाहीच, ओळी नुसत्या फिरून फिरून समोर येतात, नशिबासारख्या. 'रोल द बोन्स'मध्ये हाच प्रश्न त्यानं युक्तिवादानं सोडवायला घेतला होता, मधे एक रॅपचा तुकडाही घातला होता. इथे बांधणीच बोलते आणि तो गप्प राहतो. कारागिरीचा असा वापर त्याला तिशीत जमला नसता.

आणि शेवटी २०१२ चा 'क्लॉकवर्क एंजल्स'. विचारणाऱ्याला हा जवळचा वाटतो, आणि मीही तिकडेच झुकतो. पिअर्ट साठीच्या उंबरठ्यावर होता आणि '२११२'नंतर छत्तीस वर्षांनी अल्बमभर एक कथा सांगायला बसला. पुन्हा कल्पित जग, पुन्हा सगळं नियंत्रित करणारी सत्ता. इथे तिचं नाव घड्याळजी. पुन्हा घर सोडणारा तरुण. पण हा तरुण बरोबर नसतो. तो भोळा आहे, फसतो, गर्दीच्या रोषाचा धनी होतो. सोन्याच्या शहरांमागे धावतो. किनाऱ्यावरचा दिवा बघून जहाज वळतं, तर दिवा लुटारूंनी लावलेला निघतो. '२११२'मध्ये जग चूक आणि नायक बरोबर होता. इथे जग जसं आहे तसं आहे, आणि नायकाला ते अंगावर घेऊन पुढे जायचं आहे. शेवटी तो म्हातारा होऊन बाग करतो. व्हॉल्तेअरच्या 'कांदीद' या कादंबरीचा शेवट यामागे आहे, हे पिअर्टनं लपवलेलं नाही. म्हणजे विशीसारखं साठीतही तो पुस्तकातूनच उचलतो. फक्त आता उचललेली गोष्ट त्याच्या हातात आधीपासून रुळलेली असते.

'द गार्डन' या शेवटच्या गाण्यात भाववाचक नामं आहेत, हे मान्य. प्रेम, आदर, वेळ. माझी पेन्सिल तिथेही चालते. पण ती नामं आल्याबरोबर माती, मशागत आणि रोज करायची राखण सोबत येते. शिवाय आधीच्या तासभरात या म्हाताऱ्यानं काय काय गमावलं ते आपण ऐकलेलं असतं. त्यामुळे वाक्य उपदेशाचं असूनही उपदेश वाटत नाही. हे गाणं एकटं ऐकलं तर ते निम्मंच आहे. अल्बम अखंड ऐकावा लागतो.

तेव्हा मित्राला सांगा, 'मूव्हिंग पिक्चर्स'वर थांबू नको. त्यानं '२११२'ची पहिली बाजू आणि 'रेड बार्चेटा' लागोपाठ ऐकावं, मग शब्द समोर ठेवून 'सिग्नल्स' अख्खा, आणि तिथून थेट 'क्लॉकवर्क एंजल्स'. मधल्या वर्षांतून सुरुवातीला 'द पास', 'नोबडीज हीरो' आणि 'रोल द बोन्स'वरचं 'ब्राव्हाडो' एवढंच घ्यावं. 'व्हेपर ट्रेल्स' घ्यायचा झाल्यास २०१३ चं नवं मिश्रण (रीमिक्स) घ्यावं. मूळच्या रेकॉर्डवर आवाज इतका चेपला आहे की शब्दांबद्दल मत बनवण्याआधीच कान दमतात. 'डॉग इयर्स' कुतूहल म्हणून एकदा ऐकायला हरकत नाही, पण रशची ओळख करून देताना कुणाला पहिलं तेच लावू नका.